तळ्यातली जागा

संचिता, लाइट लवकर येणार नाही. आमच्याकडे कळव्यात एकदा गेली की बराच वेळ बघायला नको. तो इमर्जन्सी लॅम्प इकडे ओढ, चहा घे, आणि सकाळी तू जे विचारलंस त्याचं उत्तर ऐक.

तू विचारलंस, एवढा मोकळा काठ पडलेला असताना आपण सगळे एकाच रांगेत, खांद्याला खांदा लावून चित्रं काढायला का बसतो. ऋतुराजने तुला सांगितलं, उन्हामुळे. तसं नाहीये. दर रविवारी येणार असशील तर तुला खरं कारण माहीत असलेलं बरं. नंतर यायचं की नाही ते तुझं तू ठरव.

मी काय काम करते ते तुला माहीत आहेच. टेंभी नाक्याजवळ एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग. प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन. एखादी खिडकी कुठून कशी दिसेल हे कागदावर मांडायचं, एवढंच आयुष्यभर केलं. आमच्या घरी देवदेवस्की कधीच नव्हती. आईवडिलांनी लहानपणीच सांगितलेलं, दिसेल ते तपासून घ्यायचं. म्हणून मी आता सांगते ते वाढवून सांगत नाहीये. कमीच सांगेन.

तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघं होतो. मी, ऋतुराज, कल्पिता आणि दगडूकाका. ऋतुराज बँकेत, डोंबिवलीचा, वॉटरकलर भराभर उरकणारा. कल्पिता फिजिओथेरपिस्ट, ती तैलरंगात काम करते आणि तिचं कधीच वेळेत संपत नाही. आणि काका म्हणजे दगडू भोईर, मानपाड्याच्या आतल्या गावातले. उभा जन्म त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रकच्या मागचे मोर काढले, भाद्रपदात गणपतीचे डोळे लिहिले. काकी गेल्यावर पाट्या सोडल्या आणि स्वतःसाठी चित्रं काढायला लागले. आमच्यात सगळ्यात नियमित तेच.

नेम तेव्हाही आत्तासारखाच होता. रविवारी बाहेर जाऊन लँडस्केप, आणि आठवड्यात रोज घरी स्टिल लाइफ, मग ते एका कांद्याचं का असेना. काढलं की फोटो ग्रुपवर टाकायचा. चांगलं-वाईट कुणी बोलायचं नाही. काकांचं सामान ठरलेलं होतं. पितळी तांब्या, अ‍ॅल्युमिनियमची किटली, दोन कांदे, कधी एखादं वांगं. भिंतीला लावलेल्या टेबलावर ते मांडायचे, प्रत्येक वस्तूभोवती खडूने गोल काढायचे आणि चित्र होईपर्यंत कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांची सून विनिता गमतीने म्हणायची, आमच्याकडे दोन कांदे कायमचे संपावर असतात.

खैरपाड्याच्या तळ्यावर आम्हाला काकांनीच नेलं. ते त्यांच्या मामाचं गाव. तळ्याची जागा बिल्डरने घेतली होती आणि पावसाच्या आधी तळं भरून टाकणार होते. काका म्हणाले, बुजायच्या आधी एकदा रंगवून ठेवूया. बस, एवढंच निमित्त. मार्च उजाडला होता, सकाळचं ऊन अजून सोसण्यासारखं होतं.

तळं लहानसंच होतं. काठाचे दगड निखळलेले, एका बाजूला जलपर्णी माजलेली, पाणी हिरवट आणि जड. एक भेंडीचं झाड, भाजीच्या भेंडीचं नव्हे, मोठं सावलीचं. पलीकडे पत्र्याचं कुंपण आणि त्यामागे एका टॉवरचं काम चाललेलं, ड्रिलचा आवाज सतत. वारा मानपाड्याकडून आला की केमिकलचा तो गोडसर वास यायचा, नाहीतर शेवाळाचा. आणि पाण्याच्या मधोमध दगडी चौथरा, पाण्यावर हातभर वर आलेला.

तो चौथरा कशासाठी होता ते काकांनाही माहीत नव्हतं. मी नंतर गावात पुष्कळ जणांना विचारलं. कुणाला त्याची कसलीच गोष्ट ठाऊक नव्हती. कुणी बुडालं नव्हतं, कुणी जीव दिला नव्हता, देव नव्हता, नवस नव्हता. काहीतरी असतं तर मला बरं वाटलं असतं.

जागा एवढीशी की चौघांनी चार बाजू घेतल्या. मी पश्चिमेला बसले, म्हणजे ऊन तोंडावर. ऋतुराज माझ्या समोर, पूर्वेला, सूर्याकडे पाठ करून. कल्पिता उत्तरेला भेंडीखाली. काका दक्षिणेला पायऱ्यांवर, त्यांची काळी छत्री लावून.

मी आकाश भिजवलं, पाण्याचा पहिला हात मारला आणि मान वर केली तेव्हा चौथऱ्यावर एक बाई बसलेली होती. गुडघे जवळ घेतलेले, हात गुडघ्यांवर. मळकट पांढरट साडी. मला वाटलं गावातली असेल, पाणी गुडघाभरच असणार, आली असेल चालत. लँडस्केपमध्ये एखादं माणूस मिळालं की बरंच असतं, झाडाची, पाण्याची मापं आपोआप कळतात. ती स्वस्थ बसली होती, माझ्याकडे बघत. मी तिला चार फटकाऱ्यांत घेतली आणि पुढे गेले. आवरायला लागले तेव्हा ती नव्हती. तेही मला काही वाटलं नाही.

रस्त्यावर चहाची टपरी होती. तिथल्या बाकड्याला आम्ही नेहमीसारखी चित्रं टेकवून ठेवली आणि चहा घेत बघत उभे राहिलो. चारही चित्रांत ती बाई होती. ऋतुराज म्हणाला, वा, सगळ्यांनी काकूंना घेतलं. मग कल्पिता पुढे झाली, वाकली आणि एकेक चित्र बघत गेली.

"ताई," ती म्हणाली, "ही सगळ्यांकडे तोंड करून बसलीये."

चार बाजूंनी चौघं बसलेलो. कुणाला तरी तिची पाठ दिसायला हवी होती, कुणाला तरी कड. पण चारही चित्रांत चेहरा समोर होता. ऋतुराज म्हणाला, फिरली असेल ना मध्ये. मी प्रत्येकाला नीट विचारलं. ती हलताना कुणी पाहिली नव्हती. प्रत्येकाचं एकच म्हणणं, ती पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होती. काका सगळ्यात शेवटी बोलले, हळूच. "माझ्याकडंच बघत व्हती ना ती."

आणि मी माझं चित्र परत पाहिलं. सूर्य माझ्या समोर होता, म्हणजे तिच्या पाठीमागे. तिचा चेहरा काळोखात असायला हवा होता. झाड मी काळं केलं होतं, चौथरा काळा केला होता. तिचा चेहरा मात्र उजळ काढला होता. मला तो तसाच दिसला होता.

पुढच्या रविवारी परत जायचं हे मीच ठरवलं. भीतीने नाही, हट्टाने. चूक कुठे झाली ते बघायचं होतं. त्याच जागा, तीच वेळ, आणि ठरलं असं की ती दिसली की लगेच हाक मारायची.

चौथरा रिकामा होता. आम्ही काम सुरू केलं. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की ड्रिलचा आवाज थांबलाय. जलपर्णीतल्या पाणकोंबड्यांचाही. मी मान वर केली. ती बसलेली होती.

ठरल्याप्रमाणे मी हाक मारायला हवी होती. तोंड उघडलं, पण मॉडेल बसलेलं असताना वर्गात कसं कुणी बोलत नाही, तसं काहीतरी झालं. ती इतकी स्वस्थ बसली होती की तिला हलवणं बरं वाटेना. मी ब्रश भिजवला आणि तिला काढलं. आज ती माझ्याकडे बघत नव्हती. मला तिची उजवी कड दिसत होती.

टपरीवर चित्रं लावली. ऋतुराजला तिची डावी कड दिसली होती. कल्पिताला पाठ. तिघांची चित्रं एकमेकांशी तंतोतंत जुळत होती, एका जागी, एका दिशेला तोंड करून बसलेली खरीखुरी बाई. पहिल्या रविवारची बाई अशक्य होती. दुसऱ्या रविवारची अगदी बरोबर होती. आणि मला खरी धास्ती वाटली ती या दुसऱ्या वेळेला.

कारण ती दक्षिणेला बघत होती. काकांकडे.

काकांच्या चित्रात चौथरा रिकामा होता. कल्पिताने दोनदा विचारलं. काका म्हणाले, "मना कोन नाय दिसला. तुमी काय बघता त्याच मना कललाच नाय." त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. चहाचा कप मात्र त्यांनी तसाच ठेवला, त्यावर साय धरली.

परत तिथे जायचं नाही असं आम्ही रस्त्यातच ठरवलं. काकाही हो म्हणाले.

त्या आठवड्यात काकांचे फोटो ग्रुपवर वेळेवर येत होते. तांब्या, किटली, दोन कांदे. सोमवारचं चित्र मी नुसतं वरवर पाहिलं. मंगळवारी ऑफिसात जेवताना पुन्हा उघडलं तेव्हा किटलीचं तोंड खटकलं. काकांच्या चित्रात ते नेहमी उजवीकडे असतं. इथे डावीकडे होतं. तांब्याही डावीकडचा उजवीकडे गेला होता. मला वाटलं फोटो उलटा पडला असेल. मग मागची बाजू पाहिली. काकांच्या स्टिल लाइफच्या मागे कायम ती निळी भिंत असते, ऑइलपेंट उडालेली. या चित्रात वस्तूंच्या मागे खोली होती. उघडं दार, दारातून अंगण, आणि अलीकडे काकांची लाकडी खुर्ची. रिकामी.

मी कल्पिताला फोन केला. ती म्हणाली, पलीकडून बसून काढलं असेल, बदल म्हणून. मलाही ते पटलं असतं. पण मी त्यांच्या घरी गेलेली होते. मग विनितालाच विचारलं, बाबांनी टेबल हलवलंय का गं. ती म्हणाली, नाही हो, आहे तिथेच आहे, भिंतीला चिकटून, आणि बाबा खुर्चीतच बसतात. मी विचारलं, पलीकडून बसता येईल का. ती हसली. पलीकडे भिंत आहे ताई.

मग तिने हसू आवरलं आणि सांगितलं की बाबा दोन दिवस दुपारचे घरी नसतात. जेवून पिशवी घेऊन जातात, अंधार पडायच्या बेताला येतात. कुठे गेला होता विचारलं की म्हणतात, "बसलो व्हतो."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. डोंबिवलीला उतरून शेअर रिक्षाने मानपाड्यापर्यंत गेले आणि तिथून दुसरी रिक्षा केली. ऊन रणरणत होतं. खैरपाड्याच्या वाटेवर एकही माणूस नव्हतं, कुत्री डंपरच्या सावलीला निजली होती. तळ्याकडे उतरतानाच मला काळी छत्री दिसली.

काका पायऱ्यांवर बसले होते. पाठ ताठ, मांडीवर बोर्ड, हातात ब्रश. मी हाक मारली. त्यांनी मागे पाहिलं नाही. चौथरा रिकामा होता, ते मी आधी बघून घेतलं. मग त्यांच्या जवळ गेले आणि बोर्डाकडे पाहिलं.

त्यांनी तळं काढलं होतं. पण समोरचा काठ नव्हता त्यात, भेंडी नव्हती, पत्रे नव्हते. त्यात ह्या पायऱ्या होत्या. पायऱ्यांवर काळी छत्री, छत्रीखाली बोर्ड घेऊन बसलेला म्हातारा. पुढे सगळं पाणी. ते चित्र पाण्याच्या मधून काढलेलं होतं. आणि म्हाताऱ्याच्या मागे, उतारावरून एक बाई खाली येत होती. पिवळी ओढणी, खांद्याला निळी बॅग.

मी माझी ओढणी हातात धरली. मग बोटाने चित्रातल्या त्या पिवळ्याला स्पर्श केला. रंग वाळलेला होता. नुसता वाळलेला नाही, आठवड्याचा असावा तसा, कडांना तडकलेला.

"काका... हे कुठून काढलंत?"

"इथूनच," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण दूर गेल्यासारखा. तोंडातून आला की पाण्यावरून आला ते मी आज सांगू शकणार नाही.

मी म्हटलं, चला घरी, विनिता वाट बघतेय. ते म्हणाले, थांब जरा, उठलो तर जागा जाईल. मी त्यांचा दंड धरला. तो दगडासारखा होता. साठ-पासष्ट किलोचं माणूस, पण मला त्यांना तसूभर हलवता येईना. तेव्हा माझी नजर त्यांच्या पायांकडे गेली. चपला बाजूला काढलेल्या, पायऱ्या कोरड्या, पँट कोरडी. पण पावलं पांढरीफटक आणि सुरकुतलेली होती. दिवसभर पाण्यात उभं राहिल्यावर होतात तशी.

मला तेव्हा काय सुचलं ते मी सांगते, त्यात शहाणपण काही नव्हतं. मी विचार केला, ते जे बघतायत ते झाकायचं. मी त्यांच्या पुढ्यात, खालच्या पायरीवर बसले. तोंड त्यांच्याकडे, पाठ तळ्याकडे. माझा चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर आणला आणि त्यांच्याशी बोलत राहिले. सुमितचं नाव घेतलं, त्यांच्या मुलाचं. गणपतीच्या डोळ्यांबद्दल विचारलं, आधी उजवा लिहिता की डावा. किटलीच्या तोंडाबद्दल बोलले. काहीही. त्यांचे डोळे माझ्यावर होते, पण मला बघत नव्हते.

मग माझ्या पाठीमागे पाणी वाजलं.

मासा उडाल्यासारखं नाही. चौथऱ्यावरून कुणीतरी पाण्यात उतरलं, तसं. मग एक पाऊल, थांबून दुसरं. पाण्यातून चालताना मांड्यांनी पाणी सरतं, तसा आवाज, हळूहळू जवळ येत. शेवाळाचा वास एवढा वाढला की मला तोंडाने श्वास घ्यावा लागला. मान मागे वळवावी असं मला फार वाटलं, संचिता. मी काकांच्या भुवईवरच्या तिळाकडे बघत राहिले आणि बोलत राहिले. आपण काय बोलतोय ते मलाच ऐकू येत नव्हतं. पाणी माझ्या कमरेपाशी येऊन वाजलं. माझ्या उजव्या बाजूने काहीतरी गार गेलं. आणि काकांनी एकदम छातीभर श्वास घेतला, बुडता बुडता वर आलेला माणूस घेतो तसा.

"नीला," ते म्हणाले, "तू कवा आलीस गो?"

दंड पुन्हा माणसाचा झाला होता. मी त्यांना उठवलं, पिशवी घेतली, बोर्ड घेतला आणि मागे न बघता उतार चढून वर आणलं. रिक्षात ते थंडीने कुडकुडत होते, त्या उन्हात. विनिताने त्यांना गोधडीत गुंडाळलं, लसणाचं तेल कोमट करून तळव्यांना चोळलं. संध्याकाळपर्यंत पावलांचा रंग परत आला. रात्री ते भात-आमटी जेवले.

ते चित्र मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेलं. आमच्या कामात उलटं मोजता येतं. चित्रातल्या रेषा लांबवल्या, त्या कुठे मिळतात ते पाहिलं की काढणाऱ्याचा डोळा कुठे होता ते सांगता येतं. पायऱ्यांच्या कडा सरळ होत्या, काम सोपं होतं. मी दोन वेळा मांडलं. डोळा चौथऱ्यावर येत होता. उंची बसलेल्या माणसाची. मी कागद फाडून टाकला आणि चित्र विनिताला परत दिलं. तिने ते परसात जाळलं.

काका बरे झाल्यावर, महिन्याभराने असेल, मी एकटी त्यांना भेटायला गेले. आता त्यांनी टेबल खोलीच्या मधे ओढलं होतं आणि स्वतः भिंतीला पाठ लावून बसले होते. दोडके रंगवत होते. मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं, ब्रश न थांबवता. पहिल्या दुपारी ते नुसते चक्कर मारायला म्हणून गेले. बाई चौथऱ्यावर होती. तिने हाक मारली नाही, बोलावलं नाही. शेजारीण बोलते तसं साधं बोलली.

"म्हनाली, जरा बस इथं, मी येतंय जाऊन."

"आणि तुम्ही बसलात?"

"कोनी एवढा सांगितल्यावर नाय कसा म्हनायचा?" ते थोडा वेळ दोडक्याच्या शिरा ओढत राहिले. मग म्हणाले, "लय दिस बसली व्हती ती. पाय अवघडलं असतील तिचं."

मी विचारलं, मग ती परत आली का. काकांनी ब्रश पाण्यात घातला, फडक्याला पुसला.

"मना तू उठवलास. ती आली असंल तवा जागेवर कोन नव्हता." आणि मग, अगदी हळू, "आली का नाय, ते मना ठाव नाय."

पावसाच्या आधी तळं भरलं, ठरल्याप्रमाणे. डंपरच्या डंपर मुरूम पडला. चौथरा काढला की तसाच आत गाडला, कोण जाणे. आम्ही तिघं त्यानंतर इथे खाडीवर रेतीबंदराला यायला लागलो, आणि एकमेकांशी काही न ठरवता एका रांगेत बसायला लागलो. प्रत्येकाला बाकीच्यांचं तोंड कुठे आहे ते दिसतं, आणि पाण्याच्या एकाच बाजूला सगळे असतात. काका येत नाहीत. दोडके, वांगी, किटली, रोज एक. फोटो येतो तोही वेळेवर. किटलीचं तोंड उजवीकडे असतं. मी रोज बघते.

इथपर्यंतचं ऋतुराजला आणि कल्पिताला माहीत आहे. पुढचं नाही. गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसला एका फ्लॅटच्या आतल्या कामाची मापं घ्यायची होती आणि पत्ता वाचला तेव्हा कळलं की ती खैरपाड्याच्या तळ्याच्या जागेवरचीच नवी इमारत आहे. नाही म्हणण्यासारखं कारण माझ्याकडे नव्हतं. गेले. तळं कुठे होतं ते ओळखूसुद्धा येत नाही. पेव्हर ब्लॉक, लोखंडी गेट, दोन कुंड्या. इमारतीत अजून दोन-चारच बिऱ्हाडं आलीयेत. गेटवर एक वॉचमन होता, वयस्कर, जळगावकडचा, गप्पिष्ट. दुपारची वेळ, त्यालाही बोलायला कुणी नव्हतं. म्हणाला, इकडे भलतंच शांत आहे मॅडम, दिवसभरात एक ती बाई येते तेवढीच.

मी विचारलं, कोण बाई.

म्हणाला, गावातली असेल, पांढऱ्या साडीतली. तळं कुठंय म्हणून विचारते. मी सांगितलं, बुजवलं. तर म्हणते, मग मी बसू कुठं. मी माझी खुर्ची पुढे केली. नको म्हणाली. रोज येते, उभी राहते आणि वर खिडक्यांकडे बघते. परवा विचारत होती, दुपारचं घरी एकटं कोण असतं.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"आता असतं कोण," तो म्हणाला. "तिसऱ्या माळ्यावरचे आजोबा आहेत. मुलगा-सून कामावर जातात. सांगितलं मी, ते असतात."

मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत एक म्हातारे गृहस्थ खुर्चीवर बसले होते, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. मी वॉचमनला म्हटलं, त्यांना जरा आत जायला सांगा, ऊन लागेल. तो म्हणाला, सकाळपासून सांगतोय, ऐकूच येत नाही त्यांना. आणि मग तक्रारीच्या सुरात त्याने सांगितलं की आज टँकर आलेला नाही, टाकी ठणठणीत आहे, सगळ्या इमारतीत पाण्याचा थेंब नाही.

त्यांच्या बाल्कनीतलं पाणी जायचा पाइप भिंतीला बाहेर आलेला आहे. त्यातून पाणी गळत होतं. एका लयीत, थेंब थेंब. खाली नव्या पांढऱ्या भिंतीवर त्याचा ओघळ जमिनीपर्यंत आलेला होता. हिरवा.